मावशींना लिहून दिलेलं 'लिपोसोमल' हे नॅनोच आहे, पण त्यावरून घरात भांडू नका

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मावशींचं वय ५८, ओव्हरीचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, सहा सायकल केमो झाली, पाच महिन्यांत सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरवर नजर ठेवायला करतात ती रक्ताची तपासणी) परत वर गेलं आणि आता डॉक्टरांनी 'पेगिलेटेड लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन' लिहिलंय. तुम्ही गूगल केलं तर 'नॅनोमेडिसिन' आलं, तिथून नॅनोरोबो, सोन्याचे कण, एका थेंबात कॅन्सर ओळखणारी टेस्ट असं करत करत रात्रीचे दोन वाजले. आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते आपल्यावर प्रयोग चाललाय, दुसरी म्हणते एवढं भारी नॅनो औषध आहे तर आता मुळासकट जाणार. शिवाय तुमचं विचारणं की घरातल्या सगळ्यांची ती नॅनो रक्त तपासणी करून घ्यावी का.

मी डॉक्टर नाही, ऑन्कोलॉजी फार्मासिस्ट आहे. १९ वर्षं झाली, केमोच्या डे-केअर वॉर्डच्या मागच्या छोट्या खोलीत डबल ग्लोव्हज घालून काचेच्या कॅबिनेटमध्ये हात घालून केमो मिक्स करतो. त्यामुळे मावशींना हे द्यावं की नाही हे मी ठरवणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांचं काम, पण ही नॅनो औषधं रोज हातात असतात म्हणून त्यांच्याबद्दल बोलू शकतो.

पहिल्या पार्टीला सांगा, हे नवीन नाही. हेच औषध अमेरिकेत १९९५ ला 'डॉक्सिल' नावानं मंजूर झालं, कॅन्सरमधलं पहिलं नॅनो औषध म्हणतात ते हेच. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हाचं. उलट २०११-१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, ज्या कारखान्यात ते बनायचं तिथलं उत्पादन थांबलं होतं, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) आपल्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी सनच्याच जेनेरिकला रीतसर मंजुरी दिली. तर प्रयोग वगैरे डोक्यातून काढून टाका.

आणि लिपोसोमल हा शब्द तुम्ही याआधी ऐकलाय, आठवा. २०२१ ला म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या वेळी अख्खा महाराष्ट्र ज्या इंजेक्शनसाठी मेडिकल-मेडिकल फिरत होता ते लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन, तेही याच जातीचं. साधं ॲम्फोटेरिसिन किडनीला फार त्रास देतं म्हणून ते चरबीच्या कणात घालून द्यायचं. इथे किडनीच्या जागी हृदय आहे, एवढाच फरक.

आता नीट बघू. साधं डॉक्सोरुबिसिन दिसायला अगदी कोकम आगळासारखं, पारदर्शक लालभडक. औषध जुनं आणि चांगलं, पण शरीरात सगळीकडे जातं, हृदयाच्या स्नायूवर हळूहळू साचत जाणारा परिणाम करतं म्हणून आयुष्यभराची मर्यादा असते, आणि शिरेच्या बाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. लिपोसोमल वाल्याची व्हायल उजेडात धरली की फरक लगेच दिसतो, ते धूसर असतं, कोकम जास्त पडलेली पातळ सोलकढी म्हणा. तो धूसरपणा म्हणजेच नॅनो. चरबीच्या दुहेरी पापुद्र्याचे फुगे, एकेक साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा. रक्तातली एक लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, म्हणजे एका लाल पेशीच्या रुंदीत असे ऐंशी फुगे ओळीनं बसतील. प्रत्येक फुग्यात औषधाचे हजारो रेणू ठासून भरलेले. भरायची युक्ती पण भारी आहे, फुग्याच्या आत अमोनियम सल्फेट ठेवतात, बाहेरचं औषध आत ओढलं जातं आणि आत गेल्यावर त्याचे बारीक स्फटिक होतात, मग ते सहज बाहेर येत नाही. आणि फुग्याला बाहेरून पेग नावाच्या पॉलिमरची लव लावलेली असते, त्यामुळे त्यावर पाण्याचा थर धरला जातो आणि लिव्हर-प्लीहेतल्या भक्षक पेशींना तो पटकन ओळखू येत नाही. साधं औषध रक्तातून थोड्या वेळात निघून जातं, हे दोन-तीन दिवस फिरत राहतं.

फिरून होतं काय? १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा या दोघांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांना फटी असतात, आणि तिथला लिम्फचा निचरा पण नीट नसतो. थोडक्यात फुटकी पाईपलाईन आणि वर तुंबलेलं गटार. मोठे कण फटीतून गाठीत झिरपतात आणि तिथेच अडकतात, निरोगी ठिकाणी फटी नसल्यामुळे कमी झिरपतात. या एका कल्पनेवर पुढची तीस वर्षं जगभरच्या लॅब चालल्या.

पण इथेच खरी गोम आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत कण सरळ बाण मारल्यासारखे गाठीत घुसतात ना, तसं काही होत नाही. २०१६ ला टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारे मध्यक प्रमाणात (सगळे आकडे ओळीनं लावले की मधोमध येतो तो) ०.७ टक्के. एक टक्का पण नाही! बाकीचा मोठा वाटा लिव्हर आणि प्लीहा खातात. आणि हे उंदरात, उंदराची गाठ तीन आठवड्यात वाढवलेली असते आणि त्याच्या अंगाच्या मानानं केवढी तरी मोठी असते, त्यामुळे फटी भरपूर. माणसाची गाठ वर्षानुवर्षं हळू वाढलेली, एकाच पेशंटच्या दोन गाठीत फटींचा हिशेब वेगळा. उंदीर बरे करणारी औषधं माणसात का आपटतात त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

उदाहरण सांगतो. बाइंड थेरप्युटिक्स नावाची अमेरिकन कंपनी होती, एमआयटी-हार्वर्डच्या मोठ्या लोकांनी काढलेली. डोसिटॅक्सेल औषध पॉलिमरच्या कणात घालून त्यावर प्रोस्टेटच्या पेशी ओळखणारा 'पत्ता' चिकटवला होता. कागदावर इतकं सुंदर की वाचताना मजा यायची, मी पण तेव्हा आमच्या ज्युनियरना छाती फुगवून सांगायचो की पाच वर्षात हे आपल्या फ्रीजमध्ये असेल. २०१६ ला कंपनी दिवाळखोरीत. पत्ता कितीही अचूक लिहा, गाडी मध्येच लिव्हरच्या नाक्यावर अडवली तर पार्सल पोचणार कसं.

म्हणून दुसऱ्या पार्टीला सांगा की माल तोच आहे, फक्त पॅकिंग बदललंय. जी नॅनो औषधं टिकली त्यातल्या बहुतेकांनी कॅन्सरला जास्त मारून नाही, तर पेशंटला कमी मारून जागा मिळवली. मावशींच्या औषधाचा फायदा म्हणजे हृदयाला धोका कमी, केस बऱ्यापैकी राहतात, उलट्या कमी, आणि चार आठवड्यांतून एकदा यायचं. पहिल्या केमोनंतर पाच महिन्यांत परत आलेल्या ओव्हरीच्या आजारात याचा उद्देश आजार ताब्यात ठेवणं हा असतो, तो किती काळ राहील हे मी सांगणं बरोबर नाही, डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि विचारताना मावशींना बाहेर बसवू नका, बऱ्याचदा पेशंटलाच सगळ्यात आधी कळलेलं असतं.

दुसरं रोजचं नॅनो औषध म्हणजे नॅब-पॅक्लिटॅक्सेल. हे मला वैयक्तिक आवडतं कारण त्यानं आमचं काम सोपं केलं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात येतं, आणि त्या द्रावणाचीच ॲलर्जी उठते, त्यासाठी आधी स्टेरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन, ॲसिडिटीचं इंजेक्शन, मग तीन तास ड्रिप, शिवाय ते द्रावण साध्या पीव्हीसी सेटमधलं प्लास्टिक ओढून घेतं म्हणून सेट वेगळा, फिल्टर वेगळा. नॅबमध्ये द्रावणच काढून टाकलं, औषध अल्ब्युमिनला, म्हणजे आपल्या रक्तात असतं त्याच प्रोटीनला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले. २००५ ला मंजूर झालं. व्हायलमध्ये पांढरी वडी असते, २० मिली सलाईन काचेच्या भिंतीवरून हळूहळू किमान मिनिटभर सोडायचं, थेट वडीवर मारलं की फेस होतो आणि मग बसा वाट बघत. पाच मिनिटं तशीच ठेवायची, मग अलगद फिरवायची, ताक घुसळल्यासारखी नाही. दुधासारखं होतं. अर्ध्या तासात ड्रिप संपते. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये जेमसिटाबिन या केमोबरोबर हे दिलं तर मध्यक आयुष्य ६.७ वरून ८.५ महिने झालं, २०१३ चा ट्रायल. ऐकायला पावणेदोन महिने. त्या आजारात तेवढं पण मोठं मानतात, पण व्हिडिओत 'क्रांती' म्हणतात तेव्हा हा आकडा कोणी सांगत नाही. आणि हातापायाला मुंग्या, बधिरपणा यातही येतोच.

तुम्ही सोन्याबद्दल विचारलंय. नॅनो सोनं तुमच्या घरात येऊन गेलंय! प्रेग्नन्सीच्या पट्टीवरची ती गुलाबी रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकण, कोविडच्या अँटिजेन किटमधली पण बहुतेक तीच. सोनं एवढं बारीक केलं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं, हे फॅरेडेनं १८५७ मध्येच मांडलं होतं. कॅन्सरमध्ये कल्पना अशी की काचेच्या कणावर सोन्याचा पातळ थर द्यायचा, ते कण गाठीत जमू द्यायचे आणि वरून नजरेला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेझरनं ते तापवायचे. प्रोस्टेटमध्ये हे माणसावर करून बघितलंय, २०१९ ला रिझल्ट आले, पेशंट किती, तर सोळा. कल्पना चांगली आहे, पण मावशींच्या आजारात पोटभर पसरलेले दाणे असतात, तिथे लेझर कुठे कुठे मारणार. लोहाच्या कणांचं पण असंच, जर्मनीत मेंदूच्या गाठीत ते सोडून चुंबकीय क्षेत्रानं तापवायची पद्धत २०१० ला मंजूर झाली, पण त्यानंतर त्या भागाचा एमआरआय नीट काढता येत नाही, आणि डोक्याजवळ धातू नको म्हणून दातातलं धातूचं फिलिंग पण आधी काढायला लागायचं. असल्या गोष्टी व्हिडिओत नसतात. या दोन्हीसाठी घर विकून परदेशात जाऊ नका.

आणि सुवर्णभस्म, हो, येणारच होतं ते. त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडतात हे खरं आहे, आपल्या लोकांची कारागिरी मोठीच. पण कण बारीक आहे म्हणजे कॅन्सर बरा होतो असं नाही ना. चालू असेल तर बंद करा म्हणून मी भांडणार नाही, पण डॉक्टरांपासून लपवू नका, कारण उद्या लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की आम्ही केमोला दोष देणार आणि डोस कमी करणार.

आता ती रक्त तपासणी. नॅनो आणि तपासणी ही जोडी खोटी नाही. सेलसर्च नावाची टेस्ट २००४ पासून आहे, लोहाच्या चुंबकीय नॅनोकणांवर अँटिबॉडी लावलेली असते, ती रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशीला चिकटते आणि मग चुंबकानं त्या पेशी बाजूला ओढून मोजायच्या. ७.५ मिली रक्त, त्यात लाल पेशी तीस-चाळीस अब्ज, आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच किंवा जास्त कॅन्सर पेशी सापडल्या तर तो धोक्याचा इशारा. गवताच्या गंजीत सुई पण सोपी म्हणायची. पुण्यात पण ऑन्कोडिस्कव्हर नावाची टेस्ट याच धर्तीवर चुंबकीय कण वापरून बनवलीय, अभिमान वाटतो. पण सेलसर्च कशासाठी आहे ते बघा, ज्याला कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे त्याचं पुढे कसं चाललंय हे बघायला. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला नाही.

का नाही, तर साधं गणित करा. समजा एखादी टेस्ट निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर 'नाही' म्हणते. एक लाख धडधाकट माणसं तपासली, त्यात खरा कॅन्सर शंभर जणांना. तर साधारण हजार निरोगी माणसांना 'आहे' असा रिपोर्ट मिळणार! मग पेट स्कॅन, बायोप्सी, सहा महिने झोप नाही. आमच्याकडे एक जण असाच चार पानी रंगीत रिपोर्ट घेऊन आला होता, कुठल्या लॅबचा ते सोडा, त्यात लिहिलं होतं की 'कॅन्सर येण्याची प्रक्रिया सुरू'. कुठल्या अवयवात ते लिहिलं नव्हतं. माणसानं दुकान बंद ठेवलं तीन महिने. निघालं काही नाही.

ओव्हरीचं तर अजून अवघड. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण निम्म्यांची वर्षानुवर्षं सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करून बघितली, २०२१ ला निकाल आला, त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. आणि दुसरीकडे टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर काम केलं, गर्भाशयाच्या मुखावर पातळ व्हिनेगर लावायचं आणि दिव्याखाली बघायचं, पांढरं झालं तर पुढची तपासणी, बस. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. ज्या मुलींनी ते केलं त्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविका. मला नॅनो आवडतं, माझं पोट त्यावर चालतं, पण घरच्यांसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर आधी हे असलं करा, आणि घरात जो मिसरी-तंबाखू लावतो त्याचं तोंड उघडून बॅटरीनं बघून घ्या.

एक गोष्ट मात्र नक्की करा. तुम्ही मावशी म्हणताय, सख्खी मावशी असेल तर ती तुमच्या आईची बहीण. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पेशंटची बीआरसीए जीन टेस्ट (घराण्यातून येणारा कॅन्सरचा दोष शोधणारी) करतात, झालीय का विचारा. दोष सापडला तर मावशींसाठी औषधाचा एक पर्याय वाढू शकतो आणि तुमच्या आईनं, बहिणीनं पण टेस्ट करायची का हे ठरवता येतं. तुम्ही पुरुष असलात तरी तो दोष तुमच्यात असू शकतो. यात नॅनो काही नाही, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

आता केमोच्या दिवसाचं. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर ते दोन ते आठ डिग्रीत यायला हवं, गोठायला नको. एका पेशंटचा मुलगा गावाहून एसटीनं आला, बिचाऱ्यानं थर्मासमध्ये बर्फ भरून त्यातच व्हायल खुपसली होती, काळजीनंच केलं सगळं, पण गोठलं तर फुगे फुटून आतलं औषध मोकळं होऊ शकतं, तो धोका कोणी घेत नाही. वापरता आलं नाही, आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आइस जेल पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेल ठेवा. बिल बघताना 'लिपोसोमल' हा शब्द वाचा, साध्या आणि लिपोसोमलचे डोस वेगळे असतात, अदलाबदल जीवावर बेतते. हे औषध साध्या सलाईनमध्ये नाही तर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, बाटलीवरचं लेबल तुम्ही पण वाचू शकता, विचारल्याचा कुठल्याही चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

पहिली ड्रिप मुद्दाम हळू लावतात. सुरुवातीच्या काही मिनिटांत चेहरा लाल होणं, पाठीत कळ, छातीत दाबल्यासारखं असं काही जणांना होतं, मावशींना आधीच सांगून ठेवा की लाजून गप्प बसायचं नाही, लगेच हाक मारायची. थांबवून परत हळू सुरू केलं की बहुतेकांचं पुढे नीट जातं.

आणि तळहात-तळपाय. या औषधाचा खास त्रास हाच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या सायकलपासून तळवे लाल होतात, चुरचुरतात, सोलतात. कारण तेच, फुगे दिवसेंदिवस फिरत असतात आणि जिथे दाब, घासणं, गरमी असते तिथल्या बारीक वाहिन्यांमधून कातडीत झिरपतात. म्हणून ड्रिपनंतर आठवडाभर तरी गरम पाण्यानं भांडी नाही, कडक पाण्याची अंघोळ नाही, तव्यावरच्या पोळ्या दुसऱ्या कोणी तरी कराव्यात, चपला मऊ, क्रीम जाडसर पण चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. जोडवी आणि घट्ट बांगड्या काढायला सांगा. आमच्याकडे एक आजी जोडवी काढायला तयारच होईनात, नवरा जिवंत आहे म्हणाल्या, शेवटी आजोबांनीच वॉर्डात बसून साबण लावून काढली. सोलायला लागलं तर पुढच्या सायकलची वाट न बघता फोन करा, डोस कमी करता येतो, तारीख पुढे ढकलता येते.

पहिल्या दिवशी लघवी लालसर-केशरी झाली तर रक्त समजून रात्री धावपळ करू नका, औषधाचाच रंग आहे तो, दीड-दोन दिवसात जातो. ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर मात्र रात्रीचे दोन असले तरी निघा.